चि. ओंकारास, स्वतःची ओळख करून देण्याविषयी

सोलापूर

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू सांगितलेस की पुढच्या शनिवारी तुझ्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात नव्या विद्यार्थ्यांचा परिचयाचा कार्यक्रम आहे, प्रत्येकाने उभे राहून तीन मिनिटे स्वतःविषयी बोलायचे आहे, आणि बोलणे ऐकणाऱ्यांना हसवणारे असावे अशी वरच्या वर्गातील मुलांची अट आहे. “माझ्यात सांगण्यासारखे काय आहे?” असे तू विचारलेस आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दोन ओळींत उरकण्याजोगे त्याचे उत्तर नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा त्याचा फोटो काढून तुला लगेच पाठवतील. कागद पोस्टाने मागाहून येईल, तो जपून ठेव.

पतसंस्थेतली नोकरी सांभाळून मी इतकी वर्षे सूत्रसंचालन करते आहे, हे तू लहानपणापासून पाहत आला आहेस. हुतात्मा स्मृती मंदिरात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तू कितीदा तरी झोपून गेलेला आहेस. पाहुण्यांचा परिचय करून देणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, असे माझे मत आहे. आयोजक आदल्या दिवशी एक कागद हातात देतात, त्यावर पदव्या, पदे आणि पुरस्कार ओळीने लिहिलेले असतात. तो कागद जसाच्या तसा वाचला की सभागृहात खुर्च्या करकरू लागतात, मागच्या बाजूला कोणीतरी हळूच फोन उघडतो. मग मी पाहुण्यांना कार्यक्रमाआधी चहा घेताना सहज विचारून ठेवलेली एखादी गोष्ट सांगते. यांचे बालपण बाळीवेशीत गेले, आणि शाळेला उशीर झाला की ते कोणत्या बोळातून धावत सुटत ते अजूनही त्यांना पाठ आहे, एवढेच वाक्य. तेवढ्याने सभागृहातले डोके न् डोके वर होते. बाळीवेशीतली माणसे एकमेकांकडे पाहून हसतात, आणि जे बाळीवेशीतले नाहीत त्यांना स्वतःचा बोळ आठवतो. त्या वाक्यात विनोद असा काही नव्हता. गोष्ट खरी होती, जवळून सांगितलेली होती आणि ऐकणाऱ्याला आत यायला तिने दार उघडून दिले होते, म्हणून हसू आले. शनिवारी तुला एवढेच साधायचे आहे.

तू सोलापूरचा आहेस असे म्हणताक्षणी कोणीतरी “चादर!” असे ओरडणार, हे मी आताच सांगून ठेवते. त्यावर कंटाळल्यासारखा चेहरा करू नकोस. तू नागपुरात आहेस, आणि नागपूरच्या मुलांना आयुष्यभर संत्र्यांविषयी विचारले गेले आहे. चादरीचा माणूस आणि संत्र्यांची माणसे यांची दुखणी एक आहेत, हे तू मोकळेपणाने म्हटलेस तर निम्मे सभागृह तुझ्या बाजूला येईल. पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण चादर ही आपल्या घरात दुकानातून आलेली वस्तू नाही. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि भोंग्यावर सारे शहर उठू, जेवू आणि झोपू लागले. तुझे आजोबा त्या भोंग्यावर मोठे झाले आणि त्याच भोंग्यावर कामाला गेले. त्यांची गिरणी बंद पडल्यावर ते पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात लागले आणि तिथे नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर चादरी विणू लागले. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या भुवयांवर सुताची बारीक लव बसलेली असे. तुझी आजी ती ओल्या फडक्याने पुसून काढी आणि मगच त्यांना चहा देई. चादर धुतल्यावर तिची वीण अधिक घट्ट आणि मऊ होते, नवी चादर अंगाला टोचली तरी धीर धरावा, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. आपल्या घरात एका थोरल्या चादरीखाली तुझे बाबा आणि त्यांची पाच भावंडे झोपत, आणि सकाळी चादर ज्याच्या अंगावर सापडे त्याच्यावर इतर पाच जणांचा खटला चाले. ही गोष्ट बाबा अजूनही रंगवून सांगतात आणि काका प्रत्येक वेळी आरोप नाकारतात. तीन मिनिटांत यातले फार तर दोन वाक्यांपुरते सांगता येईल, पण ती दोन वाक्ये दुसऱ्या कोणाकडे असणार नाहीत.

आपली गल्लीसुद्धा सांगण्यासारखी आहे. डाव्या हाताला तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब, समोर कन्नड बोलणारे घर, कोपऱ्यावर दखनी उर्दूत गप्पा मारणारे शिंपीकाका आणि मध्ये आपण, अशा गल्लीत तू वाढलास. भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस केली तर दोन रुपये कमी होतात, असा तुझ्या आजीचा ठाम विश्वास होता, आणि भाजीवाली तिला मराठीत उत्तर देऊन दोन रुपये खरोखरच कमी करी. शेजारच्या अम्मांच्या दारात उभे राहून तेलुगूत खायला मागायला तू शिकलास तेव्हा तुझे वय चार होते. मराठीत नुकताच नीट बोलू लागलेला मुलगा शेजारी जाऊन कोणत्या भाषेत काय मागून येतो याचा मला बरेच दिवस पत्ताच नव्हता. अम्मांनीच एकदा हसत हसत सांगितले. ही तुझ्या पार्श्वभूमीची गोष्ट आहे. वर्गातल्या ओळखीत लोक वडिलांचा व्यवसाय आणि शाळेचे नाव सांगून मोकळे होतात. तू मात्र तुझ्या कानावर काय काय पडत गेले ते सांग.

आता एका गोष्टीविषयी मला थोडे कळकळीने लिहायचे आहे. हसवायचे म्हटले की पुष्कळ मुले स्वतःच्या गावाला नावे ठेवतात. आमच्याकडे काय, नुसते ऊन आणि धूळ. आमच्याकडची मराठी ऐकाल तर पळून जाल. आमचे आजोबा अडाणी. लोक त्यावर हसतात, हे खरे आहे. पण ते हसू संपल्यावर सांगणाऱ्याजवळ काही उरत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या गावाविषयी जे ठसते ते पुढे पुसता येत नाही. मी व्यासपीठावर अशी माणसे पाहिली आहेत, चांगली शिकलेली, कर्तबगार माणसे. आपण कुठून आलो ते थट्टेत उडवून देताना त्यांचे तोंड हसत असते आणि डोळे हसत नसतात. सोलापूरचे ऊन सांगायचे असेल तर अवश्य सांग, कारण उन्हाच्या बाबतीत नागपूर आणि सोलापूर यांनी एकमेकांकडे सोयरीक जोडावी इतके साम्य आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवर पापड वाळत घातले की खाली येईपर्यंत पहिला पापड उचलण्याजोगा झालेला असतो, हे आजीचे निरीक्षण सांग. नळाला पाणी आले की पहाटे डोळे न उघडता तू सगळी पिंपे भरून पुन्हा झोपत असस, हे सांग. यात शहराची बदनामी नाही आणि तुझीही नाही. त्यात तुझे एक कौशल्य आहे, आणि ते वसतिगृहात उपयोगी पडेल असे वाटून मुले तुझ्याकडे आदराने पाहतील.

विनोद कसा असावा हे मला कोणी शिकवले असेल, तर ते तुझ्या आजीने. तिचा उखाणा तू ऐकलेला आहेस, पण त्यामागची हकिगत कदाचित तुला ठाऊक नसेल. उखाणा म्हणजे तरी काय, नव्या घरात आलेल्या मुलीने चारचौघांत करून दिलेली स्वतःची ओळखच. नवऱ्याचे नाव घेण्याचे निमित्त असते, पण ऐकणाऱ्या बायका मुलीचा आवाज, तिची हजरजबाबी बुद्धी, ती बुजरी आहे की धीट, हे सारे त्या दोन ओळींतून जोखत असतात. तुझी आजी लग्न होऊन आली तेव्हा घरात नऊ माणसे होती आणि गिरणीत जाणारा एकच जण होता. हळदीकुंकवाला बायकांनी नाव घ्यायला लावले, तेव्हा सोन्याचांदीची ताटे आणि मोत्यांच्या अक्षता अशा पाठ केलेल्या ओळी बाजूला ठेवून ती म्हणाली:

ज्वारीची भाकरी तव्यावर फिरवून फिरवून,
शंकररावांचे नाव घेते, चटणी पुरवून पुरवून.

बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातून हळदीची कोयरी सांडली, असे आजी सांगे. त्या बायकांपैकी जवळजवळ प्रत्येकीच्या घरात चटणी पुरवून पुरवूनच वाढली जात होती. कोणीही ते बोलत नव्हते, आणि आलेल्या नव्या सुनेने ते गाण्याच्या चालीवर बोलून दाखवले. तिने दारिद्र्याचे रडगाणे गायले नाही, सासरला उणेही लेखले नाही. शंकररावांचे नाव तर तिने किती प्रेमाने घेतले ते त्या ओळीच्या लयीतच कळते. त्या संध्याकाळपासून गल्लीत तिला कोणी परकी मानले नाही. मी जेव्हा जेव्हा एखाद्या कार्यक्रमाची सुरुवात लिहायला बसते, तेव्हा मला त्या दोन ओळी आठवतात.

स्वतःविषयी बोलायला संकोच वाटतो, असेही तू म्हणालास. तो संकोच चांगला आहे. मला तो तुझ्यात असल्याचा आनंदच झाला. तुकोबारायांनाही तो वाटला होता. संतमंडळींनी विचारले म्हणून त्यांनी एका अभंगात आपली हकिगत सांगितली आहे, आणि तिच्या आरंभीच ‘नये बोलों परि पाळिलें वचन’ असे म्हटले आहे. स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून तुमचा शब्द पाळतो. त्या अभंगात ते जात सांगतात, व्यवसाय सांगतात, कुळाचा देव सांगतात, आईवडील गेल्याचे, दुष्काळात पैसा आणि मान गेल्याचे, पत्नी अन्न अन्न करीत गेल्याचे सांगतात, आणि मग मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, तिथून आपली वाट कशी बदलली ते सांगतात. हा अभंग विनोदाचा नव्हे, हे उघड आहे. पण ओळख किती थोड्या शब्दांत आणि किती सरळ सांगता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. कुठून आलो, काय सोसले, मन कशात रमले, पुढे काय करायचे ठरवले, सारे त्यात आहे, आणि स्तुतीचे एकही विशेषण स्वतःला लावलेले नाही. तूही विशेषणे टाळ. “मी मेहनती आहे”, “मी मनमिळाऊ आहे” ही वाक्ये दुसऱ्याने आपल्याविषयी म्हणायची असतात.

आवडीनिवडींच्या भागात मुले फार घसरतात. वाचन, संगीत, प्रवास हे तीन शब्द मी इतक्या परिचयपत्रांत वाचले आहेत की ते ओलांडून डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. तुला काय आवडते ते मी सांगू का? तुला कडक भाकरी आवडते. ताजी, मऊ, पदर सुटलेली भाकरी समोर असतानाही तू डब्यातली कडक भाकरी मागतोस, तिचे तुकडे करतोस, त्यावर शेंगांची चटणी आणि दही घेतोस आणि बाजूला काही चालले आहे याचे भान तुला राहत नाही. चटणीसुद्धा तुला उखळात कुटलेलीच लागते. मिक्सरमधल्या चटणीचा भुगा होतो. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटते, लसूण आणि तिखट त्यात मुरते, आणि मूठ आवळली तर चटणीचा गोळा बनतो, हा फरक तू आठवीत असताना पाहुण्यांसमोर इतक्या गांभीर्याने समजावून सांगितला होतास की त्यांनी जाताना पावशेर चटणी बांधून मागितली. कडक भाकरी खाताना होणारा आवाज हा तर तुझ्या ओळखीतला हुकमी विनोद आहे. परीक्षेच्या काळात रात्री तू स्वयंपाकघरात एक घास घेतलास की बाबा आतल्या खोलीतून “चटणी झाकून ठेव” असे म्हणत. वसतिगृहाच्या भिंती आपल्या घराच्या भिंतींहून पातळ असतील, तेव्हा शेजारच्या खोल्यांना आधीच सूचना देऊन ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

आणि तुला जनावरे आवडतात. हे तर तू सांगशीलच, कारण तिथे जमलेल्या सर्वांनाच ती आवडत असणार. म्हणून नुसते “प्राणी आवडतात” असे न म्हणता, कोणते आणि केव्हापासून ते सांग. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण दर वर्षी जात होतो. लहान मुले होम मैदानावरच्या पाळण्यांकडे ओढ घेत. तुला मात्र पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीतून जाणारे सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच मानाच्या काठ्या, पाहून झाले, अक्षता टाकून झाल्या, की जनावरांच्या बाजारात जायचे असे. तिथे खिलार बैलांच्या रांगेत तू एकेका बैलापुढे उभा राहायचास आणि मालकाला त्याचे नाव विचारायचास. बैलाचे नाव सांगितले की दोन पावले मागे सरून, मान तिरकी करून तू ते त्याला शोभते की नाही हे ठरवायचास. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तुला उलट विचारले होते, “मला नाव नाही का रे बाळा? सगळ्या बैलांची विचारलीस, माझं राहिलं.” तू त्यांचे नाव विचारलेस, त्यांच्याकडेही मान तिरकी करून पाहिलेस, आणि “शोभतंय” असे म्हणालास. ते इतके खूश झाले की त्यांनी तुला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजवू दिली. तुझ्या तीन मिनिटांतले एक मिनिट या गोष्टीला दिलेस तरी चालेल. मी परिचय लिहून देत असते तर हीच गोष्ट मध्यभागी ठेवली असती.

काही गोष्टी मात्र हसण्याच्या भरात आणू नयेत. सोलापुरात १९३० साली लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. चार हुतात्मा चौकातून तू शाळेला जात होतास. कोणी मनापासून विचारले की सोलापूर म्हणजे काय, तर त्या चौकाविषयी सांग, शांतपणे, एकट्यादुकट्याला. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयीही सांग. १९१० साली आपल्या शहरात जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथली भाषा शिकला, जखमी सैनिकांवर उपचार करता करता तिथलाच झाला आणि १९४२ साली अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच गेला. परक्या मुलखात गेल्यावर तिथल्या माणसांच्या भाषेत त्यांची विचारपूस करणारा डॉक्टर आपल्या गावचा होता, हे तुला नागपुरात आठवत राहावे असे मला वाटते. विदर्भातला शेतकरी त्याच्या बोलीत गायीचे दुखणे सांगेल तेव्हा ते समजून घेण्यासाठी तुलाही कान तयार करावे लागतील.

राहिले ध्येय. प्रवेशाच्या वेळी तू एका अर्जात लिहिले होतेस की पशुवैद्यकीय क्षेत्रात क्रांती घडवून आणण्याची तुझी महत्त्वाकांक्षा आहे. ते वाचून मी काही बोलले नाही, कारण अर्जात तसेच लिहितात. पण शनिवारी तसे म्हणू नकोस. तुझे खरे ध्येय कधी ठरले ते मला माहीत आहे, मी तिथे होते. मंगळवेढ्याला मामांच्या गोठ्यातली पंढरपुरी म्हैस रात्री अडली होती, ती तलवारीसारखी लांब, मागे वळलेल्या शिंगांची, जिला तू काशी म्हणायचास. डॉक्टर दुसऱ्या गावी अशाच कामात अडकलेले होते, ते यायला पहाट झाली. त्यांनी काशीला वाचवले, रेडकू मात्र गेले. रात्रभर तू कंदील धरून उभा होतास. वीज होती, तरी मामांना आत उजेड नीट हवा होता म्हणून तू तो धरलास. सकाळी डॉक्टर हात धूत असताना तू त्यांना विचारलेस, “अजून एक डॉक्टर असता तर?” त्यांनी थकलेल्या आवाजात “तर बरं झालं असतं” एवढेच म्हटले. घरी परतताना एसटीत तू मला सांगितलेस की तुला असा डॉक्टर व्हायचे आहे, जो रात्री बोलावल्यावर येऊ शकेल. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, माझ्या मते, एवढे कारण पुरेसे मोठे आहे. हे सांगताना विनोद करायची गरज नाही. आधी लोक हसलेले असतील, तुझ्याकडे आपुलकीने पाहत असतील. त्या वेळी एक साधे, खरे वाक्य सांगितलेस तर ते सर्वांना ऐकू जाईल.

मी एक कच्चा मसुदा करून पाहिला आहे. तो पाठ करू नकोस. जे तुझ्या तोंडी बसत नाही ते काढून टाक, आणि माझ्या भाषेतले जड शब्द तुझ्या भाषेत कर.

“मी ओंकार, सोलापूरचा. माझ्या बॅगेत चादर आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला. नागपूरकरांनी संत्री आणली असतील तर आपला हिशोब पूर्ण झाला. माझे आजोबा चादरी विणायचे. त्यांच्या एका चादरीखाली सहा मुले झोपायची, आणि ती रात्री कोणी ओढली याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. आमच्या गल्लीत चार भाषा चालतात. मला तेलुगूत खायला मागता येते, कन्नडमध्ये भाजीचा भाव करता येतो, आणि बैलांशी मी मराठीत बोलतो. यात्रेच्या बाजारात मी प्रत्येक बैलाचे नाव विचारायचो. एकदा एका आजोबांनी विचारले, ‘माझं नाव राहिलं की!’ तेव्हापासून मी आधी मालकाचे नाव विचारतो. मला कडक भाकरी आवडते. रात्री अकरानंतर माझ्या खोलीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला तर घाबरू नका, दार वाजवा, चटणीही असते. आणि मला असा डॉक्टर व्हायचे आहे, ज्याला रात्री दोन वाजता गोठ्यात बोलावले तरी तो येईल.”

मोठ्याने वाचलेस तर हे दीड मिनिटात संपते, मी घड्याळ लावून पाहिले. उरलेला वेळ हसण्यासाठी सोड. लोक हसू लागले की पुढचे वाक्य घाईने म्हणू नये. त्यांचे हसणे पुरते होऊ द्यावे, मग श्वास घेऊन पुढे जावे. स्वतःच्या वाक्यावर आधी आपण हसू नये. पहिले वाक्य म्हणताना शेवटच्या रांगेतल्या कोणाकडे तरी पाहावे, म्हणजे आवाज आपोआप तिथवर जातो. आणि कोणी हसलेच नाही, तरी काही बिघडत नाही. आपण सांगितले ते खरे आहे, त्यामुळे ते हसण्यावाचूनही उभे राहते. व्यासपीठावर मला आधार देणारी हीच एक गोष्ट आहे, आणि ती तुलाही देईल.

तुझी पाळी कितव्या क्रमांकावर येईल ते ठाऊक नाही, पण आधी येवो की शेवटी, इतर मुले बोलत असताना आपल्या वाक्यांची मनात उजळणी करत बसू नकोस. मन लावून ऐक. कोणी गडचिरोलीहून आला असेल, कोणी कोकणातून, कोणाच्या घरी शेळ्या असतील, कोणी गाय प्रथम जवळून तिथेच पाहिली असेल. एखाद्याचा विनोद फसला तर त्याच्याकडे पाहून तू मनापासून हस, त्याला बळ येईल. बुजरा मुलगा नुसते नाव-गाव सांगून खाली बसला, तर जेवताना त्याच्या शेजारी बस आणि त्याच्या गावच्या बाजाराविषयी विचार. बैलांची नावे लक्षात ठेवणाऱ्याला माणसांची नावे जड जाऊ नयेत.

घरी सर्व क्षेम आहे. बाबांचा खोकला बरा आहे. मंगळवेढ्याहून मामांचा फोन आला होता, काशी पुन्हा गाभण आहे आणि या खेपेस डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले आहे. अम्मा रोज विचारतात की ओंकारला तिथे तेलुगू बोलणारे कोणी भेटले का. पुढच्या आठवड्यात बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ नागपूरला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर भाकरी आणि चटणी पाठवते. कार्यक्रम झाल्यावर तुझ्या मजल्यावरच्या मुलांची नावे आणि गावे मला कळव, म्हणजे चटणी किती कुटायची ते ठरवता येईल.

तुझी,
आई